वसतिगृहातील मुलाचा रविवारचा फोन कोणासमोर व्हावा?

धागा सुरू करणारी : शहाद्याची परिचारिका

माझा भाचा नंदुरबार जिल्ह्यातील एका ख्रिस्ती संस्थेच्या शाळेत सहावीत शिकतो आणि तिच्याच वसतिगृहात राहतो. शाळेचे नाव मी देणार नाही, कारण मला जे विचारायचे आहे ते एका शाळेपुरते नाही. आम्ही पावरा आदिवासी आहोत. माझी बहीण धडगाव तालुक्यातील एका पाड्यावर राहते आणि तिला पावरीखेरीज दुसरी भाषा नीट बोलता येत नाही.

दर रविवारी दुपारी चारच्या सुमारास ती पाड्यामागची टेकडी चढते, कारण मोबाइलला रेंज तिथेच मिळते. मुलाचा फोन वसतिगृहाच्या कार्यालयातून येतो. अधीक्षक समोर बसलेले असतात, स्पीकर लावलेला असतो आणि बोलणे मराठीतच करावे असा नियम आहे, कारण मूल घरी काय सांगते ते अधीक्षकांना समजले पाहिजे, असे शाळेचे म्हणणे. त्यामुळे मूल दर रविवारी तेच सांगते : मी बरा आहे, जेवलो, अभ्यास चालू आहे. बहीण शब्दांकडे फारसे लक्ष देत नाही, ती आवाज ऐकते आणि खाली उतरून मला फोन करते, ‘आज त्याचा आवाज बसलेला होता.’

त्याला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. आमच्या जिल्ह्यात हा आजार नवा नाही. अशा मुलाच्या शरीरात पाणी कमी पडले की रक्तपेशी अडकून हाडांमध्ये असह्य वेदना सुरू होतात. याच आजारात मूत्रपिंडे लघवी दाट करू शकत नाहीत, म्हणून मोठ्या वयापर्यंत रात्री अंथरूण ओले होणे हेही यात नेहमीचे आहे. दिवाळीपूर्वी दोन महिन्यांत त्याला तीनदा कळा आल्या. भेटीच्या रविवारी मी गेले, चिंचेखाली बसून पावरीत विचारले, तेव्हा कारण कळले. अंथरूण ओले झाले की सकाळच्या प्रार्थनेच्या रांगेसमोरून गादी डोक्यावर घेऊन मैदानाच्या टोकापर्यंत जावे लागे. ते टाळण्यासाठी त्याने दुपारनंतर पाणी पिणेच सोडले होते.

आता दुसरी बाजूही लिहिते, कारण ती न लिहिणे अन्यायाचे होईल. त्या तिन्ही वेळा शाळेच्या सिस्टर रात्रभर त्याचे पाय शेकत बसल्या होत्या. मी स्वतः परिचारिका आहे, आणि इतक्या मनापासून केलेली सेवा मी दवाखान्यातही क्वचितच पाहिली आहे. पण पाणी न पिणारे मूल आणि रात्र जागवणारी सिस्टर एकाच छताखाली होती आणि तरीही खरे कारण तिच्यापर्यंत पोहोचले नाही. मूल तिला सांगू शकले नाही, कारण गादी नेण्याची शिक्षा देणारे अधीक्षकही त्याच घरातले आणि रविवारी उपदेश करणारे फादरही त्याच घरातले.

म्हणून माझे म्हणणे असे की, वसतिगृहातील प्रत्येक मुलाला त्याच्या मातृभाषेत, कोणी समोर नसताना घरी बोलता आले पाहिजे, आणि शाळेच्या अधिकाराखाली नसलेला, पालकांनी निवडलेला एक माणूस महिन्यातून एकदा मुलांना भेटला पाहिजे. सेवाभाव कितीही खरा असला तरी तो या व्यवस्थेची जागा घेऊ शकत नाही. आपले मत काय?

प्रतिसाद : नवापूर तालुक्यातील माजी विद्यार्थी

ताई, आपल्या भाच्याचे जे झाले ते चुकीचे झाले, त्याचे समर्थन मी करणार नाही. मात्र त्यावरून आपण जी मागणी करता ती मला मान्य नाही.

मी मावची आदिवासी आहे आणि आमच्या घरात ख्रिस्ती धर्म आजोबांच्या वेळेपासून आहे. माझे वडील आणि मी, दोघेही मिशनच्या वसतिगृहात राहून शिकलो. ऊसतोडीसाठी आईवडील गुजरातमध्ये गेले की सहा-सहा महिने मुलाला सांभाळणारे दुसरे कोणी नव्हते. गावातली जी मुले टोळीबरोबर गेली त्यांची शाळा चौथीत सुटली. आम्हाला पहाटे साडेपाचला उठवत, थंड पाण्याने आंघोळ करवत, प्रार्थनेला उशीर झाला तर जेवणानंतरची भांडी घासायला लावत. त्या शिस्तीने आम्ही उभे राहिलो.

दुसरे म्हणजे, बाहेरचा माणूस म्हणजे नेमका कोण? आज आमच्या भागात कोणत्याही ख्रिस्ती वसतिगृहाच्या फाटकावर ‘येथे काय चालते ते पाहायला आलो’ असे म्हणत लोक उभे राहू शकतात. मुलांच्या काळजीच्या नावाखाली आत येणाऱ्याला मुलाच्या पाण्याशी देणेघेणे नसते, त्याला भिंतीवरच्या क्रुसाशी असते. असा दरवाजा एकदा उघडला की तो आपल्या हातात राहत नाही. शिवाय हीच तपासणी शासकीय आश्रमशाळांची का नको? तिथेही मुले आजारी पडतात, तिथेही अधीक्षक असतात. ख्रिस्ती शाळेलाच वेगळी कसोटी लावणे मला पटत नाही.

प्रतिसाद : धुळ्यातील वकील

येथे कायद्याची बाजू स्पष्ट असणे आवश्यक वाटते, म्हणून थोडक्यात लिहिते.

राज्यघटनेच्या कलम 30 ने अल्पसंख्याकांना आपल्या शैक्षणिक संस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे, आणि मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही असा निर्णय दिला. (सप्टेंबर 2025 मध्ये न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने त्या निर्णयाबद्दल शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवण्याचे सुचवले आहे.) यावरून अनेक संस्थाचालक असा समज करून घेतात की शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई करणारे त्या कायद्यातील कलम 17 आपल्याला लागू नाही, तर मग आपल्याला काहीच लागू नाही. हा समज चुकीचा आहे. बाल न्याय अधिनियम 2015 चे कलम 75 मुलाचा ताबा ज्याच्याकडे आहे अशा प्रत्येकाला लागू आहे. मुलाला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक यातना होतील असे वागणे हा त्याखाली गुन्हा आहे आणि तो मुलांची देखभाल सोपवलेल्या संस्थेतील कर्मचाऱ्याने केला तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर 2012 च्या पोक्सो कायद्याचे कलम 19 ‘कोणतीही व्यक्ती’ असे शब्द वापरते. ज्याला गुन्ह्याची माहिती आहे त्याने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे, मग तो शिक्षक असो, धर्मगुरू असो वा स्वयंपाकी. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम 21 नुसार एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींवरील अत्याचार उघड झाल्यानंतर राज्य शासनाने सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची सखी-सावित्री समिती यांबाबतचे आदेश सर्व शाळांना नव्याने दिले. प्रार्थनेचा विषय निघालाच आहे तर एवढेच, की कलम 28 (3) नुसार मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत अज्ञान मुलाला धार्मिक उपासनेत सहभागी करायचे तर पालकाची संमती लागते.

मात्र रविवारचा फोन कुठे ठेवावा हे यांपैकी कोणताही कायदा सांगत नाही. त्यामुळे ताईंचा प्रश्न कायद्याने सुटत नाही.

प्रतिसाद : भुसावळचे निवृत्त शिक्षक

मी एकतीस वर्षे एका मिशन शाळेत गणित शिकवले आणि त्यांपैकी नऊ वर्षे वसतिगृहाचे काम पाहिले. ताईंच्या लिहिण्यातील कळकळ मला पोहोचली. तरीही मी त्यांच्या दुसऱ्या मागणीच्या विरोधात आहे.

आमच्याकडे एका दालनात पंचेचाळीस खाटा होत्या, अशी दोन दालने, आणि रात्री मी एकटा. मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा सुटीच्या वर्गासाठी थांबलेली मुले रात्री एकपर्यंत झोपत नसत, आणि कोणाच्या नाकातून रक्त येतेय, कोण घरच्या आठवणीने भिंतीकडे तोंड करून पडला आहे, हे मी कंदील घेऊन पाहत फिरत असे. नव्वद मुलांमागे एक माणूस असेल तर तो माणूस हळूहळू कठोर होतो. तो स्वभावाने वाईट असतो असे नाही, शिक्षा हा वेळ वाचवण्याचा मार्ग होऊन बसतो. गादी उन्हात टाकायची असते, ती कोणी उचलायची हे ठरवायला वेळ नसतो आणि त्यातून मुलाच्या डोक्यावर ती येते. तेथे महिन्यातून एकदा येणाऱ्या पाहुण्याचा काय उपयोग? दुसरा अधीक्षक द्या, रात्रीची परिचारिका द्या. संशयाची नजर वाढवली तर काय होते तेही मी पाहिले आहे. बदलापूरनंतर आमच्याकडचे तरुण शिक्षक तापाने फणफणलेल्या मुलाला उचलून न्यायलाही कचरू लागले.

आपल्या खानदेशाला यासाठी बाहेर पाहण्याची गरज नाही. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तेथील छात्रालयही सांभाळत होते. मुलांच्या खोल्या ते स्वतः आवरत, त्यांचे कपडे स्वतः धूत. त्या छात्रालयातल्या मुलांना बाहेरच्या निरीक्षकाची गरज होती का? माणूस योग्य निवडा, एवढेच मला म्हणायचे आहे.

धागा सुरू करणारीचे उत्तर

सर, आपण गुरुजींचे नाव घेतलेत ते बरे केलेत, कारण माझा मुद्दा तेथूनच अधिक स्पष्ट होतो. गुरुजी 1924 मध्ये अमळनेरला शिक्षक झाले आणि 1930 मध्ये नोकरी सोडून कायदेभंगाच्या चळवळीत गेले. सहा वर्षे. छात्रालय मात्र पुढेही राहिले आणि त्यानंतर दरवर्षी नवी मुले तेथे आली. गुरुजींच्या जागी येणारा माणूस गुरुजी असेल असे कोणी धरून चालेल का? मुलाचे दैव कोणत्या वर्षी कोण अधीक्षक आहे यावर सोडायचे नसेल, तर माणूस बदलला तरी टिकेल अशी काहीतरी रीत हवीच.

दुसऱ्या अधीक्षकाची आणि रात्रीच्या परिचारिकेची आपली मागणी मी मनापासून माझ्या मागणीत जोडून घेते. पंचेचाळीस खाटांचे आपले वर्णन वाचून मला त्या शाळेतील अधीक्षकांबद्दलचा माझा राग थोडा तपासून पाहावा लागला. पण माझ्या भाच्याच्या बाबतीत परिचारिका होती, जागी होती आणि प्रेमळ होती. तरीही कळले नाही.

नवापूरच्या दादांना सांगते, शासकीय आश्रमशाळांनाही हीच व्यवस्था हवी, याबाबत माझा कोणताही आडपडदा नाही. तरीही एक फरक मी रोज पाहते. आश्रमशाळेत काही कमीजास्त झाले तर आमच्या बाया तळोद्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयासमोर जाऊन बसतात, अधीक्षकाला तोंडावर बोलतात. सिस्टरसमोर त्याच बाया हात जोडतात. ज्यांनी बाळंतपणे केली, ज्यांनी मूल शिकवले, त्यांच्याविरुद्ध शब्द काढणे त्यांना कृतघ्नपणा वाटतो, आणि मुलाला तर ते पाप वाटते. ख्रिस्ती संस्थांनी हा विश्वास पिढ्यान्‌पिढ्या सेवा करून मिळवला आहे, आणि म्हणूनच त्यांच्याकडे मूल अधिक गप्प राहते. शाळा ख्रिस्ती संस्थेची आहे हे मी मुद्दाम लिहिले ते या कारणाने, क्रुसाशी माझे काही भांडण नाही.

फाटकावर कोण येईल ही आपली भीती मात्र खरी आहे आणि तिच्यापुढे मी माझी मागणी बदलते. पालकसभेने निवडलेली, ज्यांची मुले त्याच वसतिगृहात आहेत अशांपैकीच एक आई किंवा एक वडील, मुलांची भाषा जाणणारे, एवढेच असावे. पक्षाचा, संघटनेचा कोणी नको.

प्रतिसाद : नवापूर तालुक्यातील माजी विद्यार्थी

पालकांपैकीच कोणी असेल तर माझा विरोध बराचसा कमी होतो. तरी एक शंका राहते. पाड्यावरच्या आईला महिन्यातून एकदा नंदुरबारला येण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी कोण देणार? ते जर संस्थेने दिले, तर ती आईही त्याच घरातली झाली. आणि कृतघ्नपणाबद्दल आपण लिहिलेत ते मी दोनदा वाचले. मला आठवीत असताना एका मोठ्या मुलाने खूप त्रास दिला होता. मी ते वडिलांना कधी सांगितले नाही, कारण ते मला सोडायला आले तेव्हा फादरांच्या पाया पडले होते. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. यामुळे माझे शाळेबद्दलचे मत बदललेले नाही.

धागा सुरू करणारीचे उत्तर

दादा, आपण लिहिलेत याबद्दल आभार. भाड्याच्या प्रश्नाला माझ्याकडे आज उत्तर नाही. पालकांनी दरमहा थोडे थोडे काढावे असे सुचवणार आहे, पण ऊसतोडीला गेलेल्यांकडून ते कसे जमणार हे मलाही दिसत नाही. म्हणून येत्या सभेत मी एकच मागणी लेखी देणार आहे : फोन कार्यालयाबाहेरच्या ओट्यावर ठेवावा, मुलाने कोणत्याही भाषेत बोलावे, अधीक्षकांनी दिसेल पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर बसावे. गादीचा प्रकार सिस्टरांना सांगितला त्याच दिवशी बंद झाला. त्यांना तो माहीत नव्हता, आणि ऐकून त्या रडल्या. भाच्याच्या खाटेजवळ आता पाण्याची बाटली असते आणि रात्री दोन वाजता त्याला उठवले जाते.

प्रतिसाद : भुसावळचे निवृत्त शिक्षक

फोन ओट्यावर ठेवण्यास माझी हरकत नाही. आमच्याकडेही तो कार्यालयातच होता आणि मीच समोर बसत असे. मुले काय सांगत होती ते मला सगळे ऐकू येत असे, त्यामुळे सगळे ठीक चालले आहे असे मी नऊ वर्षे धरून चाललो. बाहेरच्या माणसाबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे. आपली सभा झाली की काय ठरले ते येथे अवश्य लिहा.