वाहून गेलेल्या रानाचे पैसे खात्यावर द्यायचे, की रानात माती टाकून द्यायची?

सीनाकाठचा
सप्टेंबर 2025 च्या पुराने माढा, परंडा, मोहोळ या पट्ट्यात दोन वेगळी नुकसानं केली, पण चर्चा एकाचीच चाललीय. एक पिकाचं. सोयाबीन, उडीद, कांदा पाण्यात गेला. वाईटच झालं, पण पुढच्या हंगामाला पुन्हा पेरता तरी येईल. दुसरं रानाचं. सीना नदीनं आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांनी काळी माती खरडून नेली आणि खालचा मुरूम उघडा पाडला. आमच्या भावकीत एका विहिरीचं बांधकाम जमिनीच्या खाली होतं. आता त्याचा हातभर पाया उघडा उभा आहे. तेवढी माती एका रात्रीत गेली. तिथे ज्वारी पेरणार कशात?

7 ऑक्टोबरला राज्य सरकारने 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47,000 रुपये रोख आणि मनरेगातून हेक्टरी 3 लाखांपर्यंतचं काम आहे. आता हिशेब करा. हेक्टरभर रानात फूटभर थर द्यायचा तर साधारण 1,076 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) माती लागते. 47,000 ला त्याने भागलं तर ब्रासमागे 44 रुपये येतात. तेवढ्यात ट्रॅक्टरचं डिझेलही निघत नाही. त्यामुळे ही रोख रक्कम कोणी रानात घालणार नाही, ती गावच्या सोसायटीच्या पीककर्जाच्या व्याजात आणि उसनवारीतच जाणार.

माझं म्हणणं असं की मातीचं नुकसान हे सार्वजनिक काम धरावं. अख्खं शिवार एक मानून, उन्हाळ्यात तलाव आटले की सरकारने स्वतःच्या खर्चाने पोकलेन-टिपर लावून गाळ रानात आणून टाकावा. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना 2017 पासून आहेच.

कोरडवाहू
भाऊ, हिशेब बरोबर आहे, मागणी पटत नाही. सरकारी पोकलेन गावात आलं की पहिल्यांदा कुणाच्या रानात शिरतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आमच्याकडं बंधाऱ्यातला गाळ काढला तेव्हा तो वजनदार लोकांच्या बागेत गेला. ओढ्यापलीकडच्या दोन-चार एकरवाल्यांना एक ट्रॉली मिळाली नाही. टेंडर निघालं की सरकारी मापपुस्तकात फूटभर लागतं आणि रानात चार बोटं पडतात.

खात्यावर पैसा आला तर निर्णय माझा राहतो. मी कदाचित खालच्या अर्ध्या एकरात भर घालीन, वरच्या तुकड्यात शेणखत टाकून हिरवळीचं खत म्हणून ताग गाडीन. आणि सोसायटीचं व्याज भरलं तर त्यात वावगं काय? थकबाकीत गेलो तर पुढच्या खरिपाला पीककर्ज कोण देणार? "रानात घालणार नाही" हे तुमचं वाक्य मला लागलं.

जुना_अभियंता
तुम्ही दोघंही माती परत कशी आणायची यावर भांडताय. ती टिकेल का, हे कोणी विचारत नाही. गावनकाशावरचा ओढा आणि आज रानातून वाहणारा ओढा शेजारी ठेवून बघा. कित्येक ठिकाणी निम्माही उरलेला नाही. बांध नांगरून घातले, माती अडवणारे ताल मोडले, जादा पाणी काढून देणारे सांडवे बुजवले. सप्टेंबरअखेर चांदणी, खासापुरी, सीना-कोळेगाव ही धरणं भरलेली असतात. त्यावर बंगालच्या उपसागरातून आलेला कमी दाबाचा पट्टा बरसला की खाली पाणी सोडावंच लागतं.

नुसती टाकलेली मोकळी माती तर पहिल्या मोठ्या पावसात जाईल. म्हणून आधी ओढ्याची हद्द मोजा, खुणा रोवा, रुंदी मोकळी करा. निळ्या पूररेषेच्या आतल्या रानात, म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणारं पाणी जिथे चढतं तिथे, माती टाकूच नये. तिथे गवत, बांबू लावा आणि शेतकऱ्याला मोबदला द्या.

परंड्याची_लेक
साहेब, ओढे अरुंद झाले हे खरं. पण ज्या घराची अडीच एकर काठालाच आहे, त्यांना "माती टाकू नका" म्हणणं लांबून सोपं आहे. त्यांची चूल त्याच रानावर पेटते.

कोरडवाहू दादा, तुमच्या रोख पैशाचंही सांगते. आमचा सातबारा सासऱ्यांच्या नावे, ते आता नाहीत, वारसनोंद अडकलेली. सामायिक खातं म्हणून संमतीपत्र मागितलं. एक दीर पुण्यात, दुसऱ्याशी बोलणं बंद. दिवाळी झाली तरी खात्यावर काही नाही. शेजारची बाई बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याचं रान करते. तिला पिकाचंही मिळालं नाही आणि मातीचंही मिळणार नाही. पैसा सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याच्याकडे जातो, रानात राबणारीला तो विचारत नाही. माती टाकली तर ती निदान रानात पडते. म्हणून मी सीनाकाठच्या भावांच्या बाजूने.

हजेरीवाला
मी गावात रोजगार सेवक होतो, मनरेगाच्या मजुरांची हजेरी घ्यायचो. 3 लाखांच्या आकड्याने हुरळू नका. पॅकेज जाहीर झालं तेव्हाच्या मनरेगा कायद्यात मजुरी आणि साहित्याचं प्रमाण 60:40 आहे, ठेकेदाराला बंदी आहे आणि यंत्र शक्यतो चालत नाही. 3 लाखांतले 1,80,000 मजुरीचे धरले तर 2025-26 च्या 312 रुपये रोजाने साधारण 577 मनुष्यदिवस होतात. त्यात पाट्या-टोपल्यांनी हजार ब्रास माती वाहायची? शिवाय जॉबकार्ड पाहिजे, शेतकरी अल्पभूधारक पाहिजे. सहा एकरवाल्याचं सगळं रान गेलं तरी तो नियमाबाहेर राहतो.

60:40 जिल्ह्याच्या पातळीवर धरतात, तेवढी सवलत आहे. माझं मत असं की बांध, ताल, दगड वेचणं, विहिरीतला गाळ ही कामं मनरेगात घ्या. वाहतूक आणि डिझेलचा पैसा वेगळा मागा. दोन्ही एका पाकिटात कोंबलं तर काहीच होणार नाही.

सीनाकाठचा
हजेरीवाले, हे लाखमोलाचं सांगितलंत. अशी वाटणी करून मागणी लिहायला हवी.

कोरडवाहू भाऊ, व्याज भरणाऱ्याला मी दोष देत नाही. 47,000 मध्ये माती येतच नाही, म्हणून पैसा तिकडे जातो. पिकाची मदत रोखच मिळाली पाहिजे, त्यात वाद नाही. ठेकेदाराची तुमची भीतीही खरी. म्हणून रानांची यादी ग्रामसभेत वाचावी, सगळ्यात खोल गेलेलं रान पहिलं घ्यावं आणि कुणाच्या रानात किती ट्रॉल्या पडल्या ते रोज चावडीच्या फळ्यावर लिहावं.

अभियंता साहेब, ओढा आधी, मान्य. पण रुंदीकरणात निघणारी गाळमाती काठावर ढीग लावून ठेवू नका, तीच शेजारच्या रानात पसरा. निळ्या रेषेतल्या मोबदल्याचा मात्र भरवसा वाटत नाही. उजनीच्या धरणग्रस्तांचे प्रश्न अजून सुटलेले नाहीत. तोच अनुभव असलेल्या जिल्ह्यात लोक शब्दावर रान सोडतील?

जुना_अभियंता
मोबदला आधी, रान नंतर, असं लिहून घ्या. आणि गाळ उचलण्यापूर्वी तो तपासून घ्या. खारवट किंवा चोपण (घट्ट, पाणी न मुरणारा) गाळ पडला तर आहे तेही रान बसेल.

कोरडवाहू
फळ्यावर ट्रॉल्या मोजायची अट आणि गाळाची तपासणी सरकारी आदेशात छापून येऊ द्या. तोवर माझं मत कायम, माझे पैसे माझ्या खात्यावर. ताई, तुमच्या वारसनोंदीचं मात्र मनाला लागलं. यादी वाचायला ग्रामसभा बोलावणारच असाल, तर त्याच दिवशी मंडळ अधिकाऱ्यांना बसवून अडलेल्या वारसनोंदी निकाली काढा. ती मागणी मी माझ्या गावातही करतो.