वर्णद्वेषाबद्दल वाचून माणसाची नजर बदलते का?

मांजराकाठ (लातूर)

2020 च्या मे महिन्यात मिनियापोलिसमध्ये पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा जीव घेतला. लॉकडाऊन होतं, म्हणून अमेरिकेतल्या वर्णद्वेषावर हाताला लागेल ते वाचत सुटले. त्यातली एक गोष्ट डोक्यातून गेली नाही. अलाबामातल्या मॉन्टगोमेरी शहरात काळ्या प्रवाशाने बसच्या पुढच्या दाराने चढून पैसे द्यायचे, मग खाली उतरून मागच्या दाराने आत यायचं. कधी कधी माणूस मागे पोचायच्या आतच ड्रायव्हर गाडी हाकायचा. 1 डिसेंबर 1955 ला रोझा पार्क्स या काळ्या बाईंनी गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडली नाही, त्यांना अटक झाली आणि तिथल्या काळ्या लोकांनी 381 दिवस बसची पायरी चढली नाही.

पुढच्या पाडव्याला गावी गेले. ग्रामसेवक आले होते, पंचविशीतले. आईने त्यांना बशीसकट कप दिला. मागोमाग आमचा सालगडी आला, साल ठरवायला. साठीचा असेल. तो सवयीने गोठ्याकडे वळला, देवळीतला कान तुटलेला कप काढला, नळावर विसळला आणि ओट्याखाली उभं राहून पुढे धरला. आईने वरूनच चहा ओतला, भांडं कपाला लागू दिलं नाही. लहानपणापासून मी हे बघत आले होते. त्या दिवशी मला त्यात बसचं मागचं दार दिसलं. त्याने काढलेली ज्वारी आमच्या घरात येते, तो येत नाही.

कप मी उकिरड्यावर फेकला. आई आठ दिवस बोलली नाही.

अलाबामाच्या गोष्टीत मला घरातल्या कुणाची बाजू सावरायची नव्हती, म्हणून ती सरळ आत गेली. लांबचं वाचल्यामुळेच मला जवळचं दिसलं, असं माझं मत झालंय. तुमचं काय?

बालाघाटी (बीड)

ताई, नाही पटत. मागचं दार बघायला मॉन्टगोमेरीला कशाला जायचं? 27 जुलै 1978 ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि आपल्याच जिल्ह्यांमध्ये दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेडकडच्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना मारलं. नाव लागलं 14 जानेवारी 1994 ला, तेही जुनं नाव ठेवून, नामविस्तार करून. हे किती घरांत वाचलं जातं? आमच्या घरात तर विषय निघाला की थोरली माणसं उठून जायची. अमेरिकेतल्या माणसासाठी डोळे भरून यायला काहीच मोजावं लागत नाही. वाचायचंच तर आपल्या तालुक्याचं वाचा. ते वाचताना आपल्याच आजोबांचं नाव पुढं येईल, ही भीती वाटली पाहिजे.

गोदाकाठचा (नांदेड)

माझा आक्षेप वेगळा आहे. वर्ण आणि जात एका मापाने मोजू नका. तिथं कातडी दिसते, इथं आडनाव विचारतात. दुसरं म्हणजे मॉन्टगोमेरीत भेद करा असं कायदाच सांगत होता. आपल्याकडे घटनेच्या 17 व्या कलमाने अस्पृश्यता संपवली होती आणि पार्क्स यांना अटक झाली त्याच 1955 साली अस्पृश्यता हा गुन्हा ठरवणारा कायदाही आला होता. दोन्ही एकच समजून वाचलं तर इथला रोग कळत नाही आणि औषधही चुकतं.

कुंदा_अंबड (जालना)

कातडी इथंही दिसते हो दादा. माझ्या बायोडाटावर मामांनी ‘सावळी’ खोडून ‘गव्हाळ’ लिहिलं होतं.

मांजराकाठ

गोदाकाठचे दादा, फरक मान्य. पण तुमच्याच मुद्द्यावर विचारते. कायदा 1955 चा, आणि कप आमच्या देवळीत 2021 ला. कायदा तिथवर का पोचला नाही? बालाघाटी, 78 चं मी खरंच वाचलं नव्हतं. आता वाचतेय, आणि तुम्ही म्हणता ती भीती वाटतेय.

निळं_पाणी (परभणी)

माझे वडील सालगडी होते. वीस वर्षं एकाच वाड्यावर. म्हणून थोडं लांबण लावतो.

लांबचं वाचू नये हे मला मान्य नाही, बालाघाटी. जोतीरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामी मोडायला झटलेल्या लोकांना. बाबासाहेबांनी 1946 मध्ये ड्यू बॉइस या तिकडच्या काळ्या विचारवंताला पत्र लिहिलं, कारण अमेरिकेतले निग्रो संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करताहेत हे त्यांच्या वाचनात आलं होतं. 1972 ला दलित पँथर उभी राहिली, तिचं नावच तिकडच्या काळ्या लोकांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून. आपल्या लातूरच्या जनार्दन वाघमारे सरांनी तिकडच्या काळ्या लोकांच्या साहित्यावर मराठीत पुस्तक लिहिलं. आमच्या माणसांना अन्याय दिसायला पुस्तक नको होतं, तो तर रोज हातात धरायला लागायचा. वाचून त्यांना कळलं की हे सोसणारे आपण एकटे नाही आणि लढता येतं. मला अकरावीत हे कळलं, त्या रात्री झोप लागली नाही.

ताई, राग मानू नका, पण तुम्ही लिहिलेलं परत वाचा. ग्रामसेवक ‘आले’, पंचविशीतले. सालगडी ‘आला’, साठीचा. अमेरिकेच्या दक्षिणेत म्हाताऱ्या काळ्या माणसालाही गोरे ‘बॉय’ म्हणायचे, हेही तुमच्या वाचनात आलं असेल. माझ्या वडिलांना वाड्यातली शेंबडी पोरं अरे-तुरे करायची. कपापेक्षा त्यांना तेच जास्त लागायचं. कप फेकल्यावर पुढं काय झालं, तेही तुम्ही लिहिलं नाही.

मांजराकाठ

दोन दिवस उत्तर देता आलं नाही. दादा, तुमचं बरोबर आहे. लिहिताना माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

कप फेकला त्या दिवशी मी घरातल्या कपात चहा दिला. त्यांनी तो घेतला, गोठ्यामागं जाऊन प्यायला, राखेनं घासून धुतला आणि भिंतीवर उपडा ठेवला. ‘घरात नेऊ नका ताई, मालकीणबाई रागावतील,’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी येताना स्वतःच्या घरून जर्मनची वाटी घेऊन आले. नवा कप मिळाला याचा मला आनंद झाला होता, त्यांना त्याचं ओझं झालं होतं. आईशी भांडायला हवं होतं ते मी आईशी भांडले नाही, कपाशी भांडले.

काल त्यांना फोन केला. लहानपणापासून नावाने हाक मारलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, ‘मामा, कसे आहात तुम्ही?’

पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, ‘कोण बोलतंय?’