ओळखीची जागा दाखवा

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असलेल्या सासऱ्यांना व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर बांधायचा, चहूबाजूंनी आभासी दृश्य दाखवणारा पडदा) लावावा का, असं ताईंनी विचारलंय. जरूर लावा, पण दाखवता काय ते महत्त्वाचं. ब्रिटनमध्ये अशा रुग्णांसाठी राणी एलिझाबेथच्या १९५३च्या राज्याभिषेकाच्या दिवशीची गल्लीतली मेजवानी पुन्हा उभी करून ३६० अंशांत, म्हणजे चहूबाजूंनी, चित्रित केली, कारण तरुणपणच्या आठवणी सर्वांत चिवट असतात.

माझ्या आईला आधी समुद्रातले मासे दाखवले, तर ती खुर्चीचे हात घट्ट धरून बसली. मग भावाने गावच्या घराचं अंगण चित्रित करून आणलं. तिने मान वळवून विहीर शोधली आणि दोन्ही हातांनी रहाटाचा दोर ओढायला लागली! "कुरकुरतोय, तेल घाला रे," म्हणाली. कितीतरी दिवसांनी पूर्ण वाक्य ऐकलं तिचं.

आजार याने बरा होत नाही, पण तेवढा वेळ माणूस आपल्यात असतो. बसवूनच दाखवा, पाच-सात मिनिटं पुरेत. कॅमेरा स्थिर हवा. दृश्य हललं आणि शरीर बसलेलंच असलं की मळमळतं. हेडसेट अर्ध्या किलोच्या आसपास असतो, मानेकडे लक्ष ठेवा. आणि काढण्याआधी हात हातात घेऊन सांगा. मी एकदा न सांगता काढला, तर "माझं घर कुठे गेलं?" म्हणून आई रडली होती.