हंटिंग रायफलच्या स्टॉकला चीकपीस खरंच लागतो का?

अक्रोडप्रेमी
मंडळी एक शंका आहे. बोल्ट अॅक्शन रायफलला (दर गोळीला हातानं बोल्ट मागंपुढं करायची तसली) नवीन स्टॉक, म्हणजे लाकडी दस्ता, करून घेतोय, लाकूड अक्रोडाचं ठरलंय, आता कारागीर विचारतोय की डाव्या बाजूला चीकपीस, म्हणजे गाल टेकायचा फुगवटा, काढू का साधाच ठेवू. मला साधा क्लासिक स्टॉकच आवडतो, सुटसुटीत दिसतो आणि वजनही जरा वाचतं. पण ओळखीतले दोघंतिघं म्हणतात स्कोप लावणार असशील तर चीकपीसशिवाय गालच नीट टेकत नाही. आता विंचेस्टर मॉडेल ७० बघा, तिच्या सुपर ग्रेड प्रकाराला चीकपीस असतो, हल्लीच्या फेदरवेटला नसतो, आणि लोक दोन्ही वापरतातच की. मग हे कामाचं आहे का नुसती शोभा?

माशीवाला
दोन गोष्टींची सरमिसळ होतेय राव. गाल किती उंचीवर टेकणार ते ठरवते दस्त्याची वरची धार, म्हणजे कोम. चीकपीस म्हणजे बाजूला काढलेला फुगवटा. माशीवरून (नळीच्या टोकावरच्या खुणेवरून) नेम धरायच्या काळात दस्ता चांगला खाली उतरता ठेवायचे कारण नजर नळीला जवळजवळ लागूनच असायची. त्याच रायफलवर स्कोप चढवला की त्याचा मध्य नळीच्या मध्यापासून दीड इंच तरी वर बसतो, पुढची काच मोठी असेल तर अजून वर, आणि मग गाल सुटतो, हनुवटीवर रायफल तोलत बसायचं. त्याला बाजूचा फुगवटा काय करणार, तिथं उंचीच पाहिजे.

एक करून बघा. रायफल रिकामी करा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) दोनदा तपासा. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला करून डोळे मिटून खांद्याला लावा, गाल आपसूक टेकेल तिथं टेकू द्या, मग डोळे उघडा. स्कोपमध्ये पूर्ण गोल दिसला तर काही करायला नको. कडेला काळी कोर दिसली आणि मान वर उचलल्यावरच ती जात असली तर कोम कमी पडतोय. आणि हो, शिकारीला घालता तेच जाडं जाकीट घालून करा, टीशर्टवर केलं तर वेगळंच उत्तर येईल.

दूरचा_निशाणा
उंचीचं पटलं पण बाजूचा फुगवटा अगदीच बिनकामाचा नाही हां. कोम पातळ असेल आणि चेहरा बारीक असेल तर डोळा स्कोपच्या मागं आणायला मान पार वाकडी करावी लागते, दर वेळी गाल वेगळ्या जागी टेकतो आणि लांबच्या नेमाला पॅरॅलॅक्सचा घोळ होतो, म्हणजे डोळा सरकला की स्कोपमधली खूण लक्ष्यावरून हललेली दिसते. शिवाय गोळी सुटताना किक बसते ती त्या पातळ धारेवरून थेट गालाच्या हाडावर. चीकपीस असला की तोच मार रुंद जागेवर पसरतो. भरल्या गालाच्या माणसाचं मात्र उलटं होतं, जाड चीकपीस त्याचं तोंडच बाहेर ढकलतो. म्हणून कारागिराला चेहरा दाखवा, कॅटलॉग नको.

डावखुरा
आमच्यासारख्यांचा पण विचार करा कधीतरी 😀 सेकंडहँड रायफल बघायला जावं तर सगळ्यांचा फुगवटा डावीकडे, आमचा गाल उजवीकडे. घरात दुसरं कोणी डाव्या हातानं चालवणार असेल किंवा पुढं विकायची असेल तर दोन्ही बाजू सारख्या ठेवा.

जुनी_नळी
किकचा विषय निघालाच आहे तर उतार कुठल्या दिशेला आहे ते बघा, लोक नेमकं तेच विसरतात. जुन्या स्टॉकचा कोम मागं खाली उतरत जातो, गोळी सुटली की रायफल मागं येते आणि नळीचं तोंड वर उचलतं, त्यामुळे दस्ता गालात घुसतो. वेदरबीचा मॉन्टे कार्लो स्टॉक बघा, त्याचा कोम पुढच्या बाजूला उतरता असतो, रायफल मागं आली की गालाखाली खालचाच भाग येतो आणि गाल वाचतो. दिसायला मला तो आवडत नाही, अगदी भडक वाटतो, पण मोठ्या काडतुसाला काम चोख करतो. तसला नको असेल तर कोम सरळ ठेवा, मागं उतरता तेवढा नको.

अक्रोडप्रेमी
करून बघितलं. काळी कोर दिसतेय आणि मान बऱ्यापैकी उचलावी लागतेय. कोमवर फोमच्या पट्ट्या टेपनं चिकटवत गेलो, साधारण १२ मिलिमीटरला गोल पूर्ण झाला. मान वाकडी नाही करावी लागत. म्हणजे साधा स्टॉक, सरळ कोम, तेवढा उंच, बरोबर?

माशीवाला
बरोबर, पण फोम गालाखाली दबतो, त्या जागी पुठ्ठ्याचे थर लावून एकदा परत मोजा आणि मगच माप द्या. आणि पट्ट्या असतानाच बोल्ट पूर्ण मागं ओढून बाहेर काढून बघा. कोम जास्त पुढपर्यंत उंच ठेवला तर बोल्ट त्याच्यावर अडकतो, मग नळी साफ करायला मागून रॉड घालायची पंचाईत. अडकत असेल तर पुढचा भाग तेवढा खाली घ्यायला सांगा, लाकूड कापायच्या आधी.