एचआरटी (पाळी जाण्याच्या काळात घ्यायची हार्मोन्स) सुरू करून तीन आठवडे: चिकट जेल, मधलं स्पॉटिंग आणि सकाळची गुंगी

नेरूळ_पूर्व

वय ४७. वर्षभर पाळी कधी २२ दिवसांनी, कधी ५० दिवसांनी. रात्री घामाने उशी भिजते, झोप मोडते. मॅमोग्राफी, सोनोग्राफी, बीपी, लिव्हर सगळं तपासून डॉक्टरांनी इस्ट्राडिओल (म्हणजे इस्ट्रोजेन) जेल (०.०६ टक्के) रोज एक पट्टी आणि मायक्रोनाइज्ड (बारीक कण केलेलं) प्रोजेस्टेरॉनची २०० मिग्रॅची कॅप्सूल १ ते १४ तारखेपर्यंत रात्री असं लिहून दिलं. थायरॉइडची ७५ ची गोळी आधीपासून चालू आहे.

आता अडचणी. जेल दंडावर चिकट राहतं, ब्लाउज घातला की ओढल्यासारखं होतं. ९ तारखेपासून डाग दिसू लागले, म्हणजे कॅप्सूल चालू असतानाच. कॅप्सूल घेतली की सकाळी ६.४० ची लोकल पकडताना डोकं जड असतं. केमिस्टने दुसऱ्या वेळी कॅप्सूलऐवजी 'एसआर' गोळी दिली, चालेल का? आणि यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, घरी गौरी-गणपती असतात. नेमकी तेव्हाच पाळी येणार असं तारखांवरून दिसतंय. गरमी थोडी कमी झाली आहे, स्तन मात्र ठणकतात. हे चालवून घ्यायचं की डॉक्टरांकडे आत्ताच जायचं?

औषधमात्रा

ताई, आधी जेलचं बघू, कारण बहुतेक वेळा औषध कमी पडतंय असं वाटतं तेव्हा चूक लावण्यात असते.

ट्यूबबरोबर येणारी प्लास्टिकची पट्टी पूर्ण भरली की २.५ ग्रॅम जेल होतं, त्यात १.५ मिग्रॅ इस्ट्राडिओल असतं. अर्ध्या खुणेपर्यंत भरली तर ०.७५. पट्टीच्या खाचेत हवेची पोकळी राहू देऊ नका, ट्यूब हळू दाबून खाच कडेपर्यंत भरा. मात्रा बरोबर जाते का हे ताडून पाहायचा सोपा मार्ग आहे: ८० ग्रॅमची ट्यूब रोज पूर्ण पट्टीने ३२ दिवस जाते. ती दीड महिना पुरत असेल तर रोज कमी लागतंय. वीस-बावीस दिवसांत संपत असेल तर जास्त. ट्यूब उघडली ती तारीख तिच्यावरच पेनने लिहा.

चिकटपणाची कारणं साधारण तीन. जेल छोट्या जागेत जाड थरात लावलं जातं. अंग नीट कोरडं नसतं. किंवा त्याआधी खोबरेल तेल, लोशन लावलेलं असतं. आपल्याकडच्या दमट हवेत बाथरूममध्येच लावलं तर ते वाळतच नाही. आंघोळीनंतर बाहेर येऊन अंग टिपा, पंख्याखाली दोन मिनिटं थांबा, मग एका हाताच्या दंडावर बाहेरच्या बाजूने, खांद्यापर्यंत पातळ पसरवा. चोळून जिरवायची गरज नाही. पाच मिनिटं मोकळं ठेवा, पावसाळ्यात दहा. मग ब्लाउज. दंड नको असेल तर मांडीची आतली बाजू चालते, फक्त त्यावर लगेच घट्ट लेगिंग नको. स्तनांवर कधीही लावायचं नाही.

लावून झालं की हात साबणाने धुवा. तासभर त्या जागी पाणी, सनस्क्रीन, तेल काही नको. जेलमध्ये अल्कोहोल असतं, म्हणून वाळेपर्यंत गॅसपाशी किंवा देवापुढच्या निरांजनापाशी जाऊ नका, ही काळजी सकाळच्या घाईत सहज राहून जाते. घरात लहान मूल अंगाला बिलगून झोपत असेल तर जेल रात्री न लावता सकाळी लावा आणि वाळल्यावर बाहीने झाका. बाहीखाली असलं की लोकलच्या गर्दीत दुसऱ्यांना लागण्याचाही प्रश्न राहत नाही.

एखादा दिवस विसरलं तर: पुढची वेळ १२ तासांपेक्षा लांब असेल तर लावून टाका, जवळ आली असेल तर तो डोस सोडा. दुप्पट लावून भरपाई करू नका.

एसआर गोळी परस्पर बदलून घेऊ नका. नाव प्रोजेस्टेरॉनच असलं तरी गोळी हळूहळू विरघळते आणि मऊ कॅप्सूलपेक्षा वेगळी शोषली जाते. गर्भाशयाच्या अस्तराला संरक्षण मिळतं याचा आधार असलेली मात्रा, २०० मिग्रॅ महिन्यात किमान १२ रात्री, ही कॅप्सूलची आहे. १९९५ च्या अमेरिकेतल्या 'पेपी' नावाच्या अभ्यासात हीच मात्रा तपासली गेली. केमिस्टकडे कॅप्सूल नसेल तर दुसरं दुकान बघा, नाहीतर डॉक्टरांना विचारून बदला. आणि कॅप्सूलच्या पाकिटावर तेल कुठलं आहे ते वाचा. काही ब्रँडमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी ते टाळायचं.

पाचपाखाडी_४०२

सकाळच्या गुंगीचं कारण बहुधा जेवण आहे. प्रोजेस्टेरॉन पोटात अन्न असताना, विशेषतः तेलकट जेवणानंतर, खूप जास्त शोषलं जातं आणि त्याचा झोपेचा परिणाम सकाळपर्यंत लांबतो. साडेनऊला जेवून लगेच कॅप्सूल घेतली तर असं होणारच. जेवणानंतर दोन तास जाऊ द्या, झोपायच्या अगदी आधी साध्या पाण्याबरोबर घ्या. हळदीचं दूधही त्या वेळी नको. पहाटे पाचला उठायचं असेल तर जेवणच लवकर ओढायला हवं, कॅप्सूल मध्यरात्री घेऊन उपयोग नाही.

एवढं करूनही डोकं जड राहिलं, किंवा त्या १४ दिवसांत चिडचिड, रडू येणं, पोट फुगणं फार झालं, तर डॉक्टर तीच कॅप्सूल योनीमार्गातून घ्यायला सांगू शकतात, किंवा डायड्रोजेस्टेरॉन (प्रोजेस्टेरॉनसारखीच दुसरी गोळी) १० मिग्रॅ देतात, किंवा ५२ मिग्रॅ लेव्होनॉरजेस्ट्रेलचं गर्भाशयात बसवायचं साधन (मिरेना) सुचवतात. पर्याय बरेच आहेत. फक्त एक गोष्ट करू नका: त्रास होतो म्हणून प्रोजेस्टेरॉन बंद आणि जेल चालू. गर्भाशय असताना नुसतं इस्ट्रोजेन घेत राहिलं की अस्तर जाड होत जातं, आणि काही महिन्यांनी नाही तर वर्षांनी त्यातून कर्करोग होऊ शकतो. जेलने बरं वाटतं, कॅप्सूलने त्रास होतो, म्हणून नेमकी हीच चूक होते. दोन्हीतलं एक सोडायचं असेल तर आधी फोन करा.

स्पॉटिंगबद्दल. पेरिमेनोपॉजमध्ये, म्हणजे पाळी कायमची जाण्याआधीच्या वर्षांत, तुमची अंडाशयं अजून मनाला येईल तसं स्वतःचं इस्ट्रोजेन बनवत असतात. बाहेरून दिलेलं त्याच्यावर चढतं, त्यामुळे पहिले तीन महिने तारखेबाहेर डाग दिसणं नेहमीचं. कॅप्सूल संपल्यावर दोन-चार दिवसांत रक्तस्राव अपेक्षित आहे. काहींना तो शेवटच्या दोन-तीन कॅप्सूल असतानाच सुरू होतो. डाग दिसले म्हणून कॅप्सूल थांबवू नका, १४ पूर्ण करा, आणि पुढच्या महिन्यात परत १ तारखेला सुरू करा. मध्ये स्वतःची पाळी आली तरी तारीख हलवायची नाही. हाच घोळ सगळ्यात जास्त होतो: पाळी आली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून, मग दोन महिन्यांत वेळापत्रकच उरत नाही.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज तीन खुणा करा: डाग (हलका/पॅड भिजेल एवढा), रात्री किती वेळा घाम, कॅप्सूल घेतली की नाही. तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे ही पानं न्या. तोपर्यंत डोस बदलायची घाई नको. गरमी दोन ते चार आठवड्यांत उतरायला लागते, पूर्ण परिणाम दिसायला सुमारे तीन महिने लागतात. स्तन ठणकणंही याच काळात ओसरतं, नाही ओसरलं तर जेलची मात्रा कमी करता येते. सहा महिन्यांनंतरही वेडावाकडा रक्तस्राव असेल तर योनीमार्गातून सोनोग्राफी आणि गरज पडल्यास अस्तराचा तुकडा तपासणं हवं.

वाट न बघता लगेच दाखवायचं ते: तासाला एक पॅड भिजणं, संबंधानंतर रक्त, एकाच पायाच्या पोटरीला सूज आणि दुखणं, छातीत दुखणं किंवा दम लागणं, अचानक कमी दिसणं, कावीळ, स्तनात गाठ.

थायरॉइडची गोळी आहे म्हणून हेही लिहिते. इस्ट्रोजेन तोंडाने घेतलं की थायरॉइड हार्मोनला धरून ठेवणारं प्रथिन वाढतं आणि ७५ ची गोळी कमी पडू शकते. जेलने सहसा तसं होत नाही. पुढे कधी गोळीवर बदललंत तर ६ ते १२ आठवड्यांत टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या.

खारघर_टेकडी

गौरी-गणपतीचं मी सांगते. पाळीत देवाचं करायचं की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न, पण त्यासाठी जे औषध घेतलं जातं त्याची मला काळजी वाटते. पाळी पुढे ढकलायला केमिस्टकडून नॉरएथिस्टेरॉन ५ मिग्रॅ दिवसातून तीनदा आणून घेणं ठाणे-नवी मुंबईत सर्रास चालतं. या औषधाचा काही भाग शरीरात इथिनिल इस्ट्राडिओलमध्ये बदलतो, म्हणजे गर्भनिरोधक गोळीतलं इस्ट्रोजेन. त्याने रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो, आणि हा धोका टाळायलाच तर तुम्हाला गोळीऐवजी जेल दिलेलं असतं. तेव्हा ते परस्पर घेऊ नका.

तुमच्या कोर्समध्ये सोय आधीच आहे. १४ सप्टेंबरला शेवटची कॅप्सूल घेतलीत तर रक्तस्राव १६-१८ च्या आसपास, म्हणजे ऐन गौरींच्या वेळी. त्या एका महिन्यापुरती कॅप्सूल गौरी जाईपर्यंत लांबवली तर तो पुढे सरकतो. ऑगस्टच्या भेटीत डॉक्टरांना विचारून ठरवा, आणि जास्तीच्या कॅप्सूल तेव्हाच चिठ्ठीवर लिहून घ्या. सणाच्या आठवड्यात धावाधाव नको. शंभर टक्के खात्री मात्र नाही, तुमची अंडाशयं मधेच काहीही करू शकतात.

आणखी एक, कुणी विचारलं नाही म्हणून. हे औषध गर्भनिरोधक नाही. ४७ व्या वर्षी अंडं अजून सुटू शकतं. स्वतःची शेवटची पाळी ५० च्या आधी गेली तर पुढची दोन वर्षं, ५० नंतर गेली तर एक वर्ष काळजी घ्यायची असते, आणि दर महिन्याला कॅप्सूलमुळे येणाऱ्या रक्तस्रावात शेवटची पाळी कुठली ते कळतच नाही. कंडोम किंवा कॉपर-टी ठेवा. वर सांगितलेलं मिरेना दोन्ही कामं करतं, अस्तराच्या संरक्षणासाठी पाच वर्षं.

नेरूळ_पूर्व

खूप आभार. आज आंघोळीनंतर पंख्याखाली खांद्यापासून कोपरापर्यंत पातळ लावलं, दहा मिनिटांत वाळलं. दोन शंका राहिल्या. सासूबाई म्हणतात याने कॅन्सर होतो. आणि लॅबमध्ये एफएसएच (अंडाशयांना चालना देणारं हार्मोन), इस्ट्राडिओल दर महिन्याला करावं का?

पाचपाखाडी_४०२

सासूबाईंची भीती २००२ सालच्या अमेरिकेतल्या डब्ल्यूएचआय (विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह) अभ्यासापासून आहे, आणि ती पूर्ण खोटी नाही, म्हणून उडवून लावू नका. त्यात घोडीच्या मूत्रापासून काढलेलं इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन अशा तोंडाने घ्यायच्या गोळ्या होत्या, बायकांचं सरासरी वय ६३ होतं. दोन्ही एकत्र घेणाऱ्यांत दर १०,००० बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे ८ केसेस जास्त दिसल्या. मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉनबरोबर हा धोका कमी असल्याचं फ्रान्समधल्या मोठ्या निरीक्षणात दिसलं, पण वर्षं वाढतात तसा धोका वाढतो हे खरंच. म्हणून मॅमोग्राफी डॉक्टर सांगतील त्या अंतराने चुकवू नका आणि औषध चालू ठेवायचं का हे दर वर्षी नव्याने ठरवा. ज्यांना स्तनाचा कर्करोग झालेला आहे किंवा ज्यांचा रक्तस्राव का होतो ते कळलेलं नाही त्यांनी हे सुरू करायचंच नाही.

एफएसएच दर महिन्याला नको. पेरिमेनोपॉजमध्ये तो आकडा आठवड्यागणिक वरखाली होतो, ४५ नंतर निदान लक्षणांवरूनच होतं.

औषधमात्रा

इस्ट्राडिओल डॉक्टरांनी कधी सांगितलंच तर लॅबमध्ये जेल लावलेल्या हातातून रक्त देऊ नका. कातडीवरचं औषध सुईबरोबर नमुन्यात जातं, आकडा खोटा वाढलेला येतो, आणि मग चांगली चाललेली मात्रा उगाच कमी केली जाते. त्या दिवशी जेल उजव्या दंडावर लावलं असेल तर डावा हात पुढे करा, आणि रक्त घेणाऱ्याला तसं सांगा.