शब्दचर्चा : ‘सिव्हिलियन इंटर्नी’ म्हणजे युद्धकैदी नव्हे, मग कोण?

तळटीप :
फिलिपिन्सची राजधानी मनिला, तिथल्या सान्तो तोमास विद्यापीठाच्या आवारात जपान्यांनी जानेवारी १९४२ ते फेब्रुवारी १९४५ या काळात हजारो अमेरिकी, ब्रिटिश आणि इतर नागरिकांना कोंडून ठेवलं होतं. बायका, मुलं, म्हातारी माणसं, सगळीच त्यात होती. मराठी लेखांत त्यांना सर्रास ‘युद्धकैदी’ म्हटलेलं दिसतं. ते चूक आहे असं मला वाटतं. योग्य शब्द कोणता? आणि छावणीतल्या रोजच्या गोष्टींना, म्हणजे गणतीला, जेवणाला, कुंपणाला, मराठीत काय म्हणावं?

शब्दवेल्हाळ :
चूकच आहे, आणि ती निव्वळ शब्दाची चूक नाही. युद्धकैदी म्हणजे पकडला गेलेला सैनिक. १९२९चा जिनिव्हा करार होता तो त्याच्यासाठी. जपानने त्यावर सही केली होती, पण त्याला अंतिम मंजुरी कधी दिली नाही. तरीही निदान कागदावर सैनिकाच्या मागे एक करार उभा होता. नागरिकांच्या मागे तोही नव्हता. त्यांच्यासाठी स्वतंत्र करार झाला तो १९४९मध्ये, म्हणजे सगळं होऊन गेल्यावर. दोघांना एकच शब्द वापरला की नेमका हाच फरक पुसला जातो.

जपानीत हे दोन शब्द वेगळेच आहेत. सैनिक तो ‘होर्यो’, आणि नागरिकांचं जे होतं ते ‘योकुर्यू’. योकुर्यूमधल्या दोन चिन्हांचा अर्थ दाबून धरणं आणि थांबवून ठेवणं. आपल्या ‘अडकवून ठेवणं’च्या फार जवळचा.

जुनी वही :
‘स्थानबद्ध’ चालेल का? कायद्याच्या मराठीत तोच रुळलेला आहे.

शब्दवेल्हाळ :
अर्धाच चालेल. ‘स्थानबद्ध’ ऐकलं की मराठी वाचकाला पहिल्यांदा आठवतात ते रत्नागिरीतले सावरकर, १९२४ ते १९३७. जिल्ह्याबाहेर जायचं नाही, राजकारण करायचं नाही, पण घर स्वतःचं, संसार चालू, गावात हिंडणं-फिरणं चालू. या शब्दात माणूस एका जागेशी बांधलेला असतो. एका खोलीत तीस-चाळीस जणांची दाटी, दिवसातून दोनदा मोजदाद आणि भाताचा मापून मिळणारा डाव, यातलं काहीच त्यात येत नाही.

‘स्थानबद्ध’ बरोबर बसतो तो दुसऱ्या बाजूच्या लोकांना. त्याच युद्धात इंग्रज सरकारने पुरंदरावर आणि साताऱ्यात जर्मन वगैरे शत्रुराष्ट्रीय नागरिकांना कुटुंबांसह ठेवलं होतं. तिथे निर्बंध होते, पण तिथल्या आयुष्याला छावणीपेक्षा ‘वस्ती’ म्हणणं जास्त खरं. अहमदनगर, देवळाली आणि डेहराडूनच्या तारांआडच्या पुरुषांना मात्र पुन्हा ‘छावणी’च म्हणायला हवं.

पानगळ :
मग ‘छावणीबंदी’? मिसाबंदी, राजबंदी यांच्यासारखा सुटसुटीत.

जुनी वही :
इथे जरा अडतं. ‘बंदी’ पुल्लिंगी असेल तर कैदी, स्त्रीलिंगी असेल तर मनाई. मिसाबंदी आपण कैदी म्हणून वाचतो, कारण १९७५नंतर तो शब्द त्याच अर्थाने कानावर पडत राहिला. नवा शब्द मात्र दारूबंदी, गुटखाबंदीच्या चालीवर वाचला जातो. मथळ्यात ‘छावणीबंदी’ दिसलं तर लोकांना वाटेल की छावण्यांवरच बंदी आली. अनेकवचनात तर ओळखायला लिंगाचाही आधार राहत नाही.

‘बंदिवान’मध्ये हा घोळ नाही. मी असं करेन : पहिल्या उल्लेखाला ‘छावणीत डांबलेले नागरिक’, पुढे ‘नागरी बंदिवान’ आणि संदर्भ पक्का झाला की नुसतं ‘बंदिवान’. ‘नजरकैद’ तर नकोच. ती घरात असते.

तळटीप :
‘नागरी बंदिवान’ पटलं. आता ‘तेन्को’, म्हणजे जपानी छावण्यांतली रोजची गणती. याला ‘हजेरी’ लिहू का?

पानगळ :
हजेरीत नाव पुकारतात आणि माणूस ‘हजर’ म्हणतो. तेन्कोत मोजतात. डच ईस्ट इंडीजमधल्या, म्हणजे आजच्या इंडोनेशियातल्या, छावण्यांतली रीत अशी : रांगा लावायच्या, पहारेकरी आला की ‘कियोत्सुके’, म्हणजे सावधान. मग ‘केइरेई’, कमरेत वाकायचं आणि तसंच वाकून राहायचं. ‘नाओरे’ म्हटलं की सरळ व्हायचं. पुढे इची, नी, सान, शी, गो असे जपानी आकडे एकेकाने मोठ्याने म्हणायचे. आकडा जुळला नाही की पुन्हा पहिल्यापासून. कोणी दवाखान्यात असेल, कोणी रात्रीतून दगावलं असेल आणि कागदावर चढलं नसेल, तर बाकीच्यांना तोवर उन्हात उभं राहावं लागे. आजारी आणि अंगावरचं बाळ असलेल्या बायकाही त्याच रांगेत.

मराठीत याला तुरुंगातला शब्द आहे : ‘गिनती’. तोच घ्यावा. ‘केइरेई’ला ‘नमस्कार’ किंवा ‘मुजरा’ लिहू नका. मुजऱ्यात करणाऱ्याचा मान असतो. इथे वाकण्याचा कोन चुकला तर थोबाडीत बसायची. ‘कमरेत वाकायला लावत’ एवढंच साधं लिहावं.

कोकणकडा :
जेवणाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण भाषांतरं इथेच सगळ्यात जास्त घसरतात.

मनिलातल्या बंदिवानांना मिळायचा तो ‘लुगाव’, म्हणजे भरपूर पाण्यात शिजवून पातळ केलेला भात. पहिला शब्द सुचतो तो ‘पेज’. वस्तू म्हणून बरोबर आहे. पण कोकण-गोव्यात पेज म्हणजे मायेचं खाणं : उकड्या तांदळाची, मीठ घालून, बाजूला लोणचं किंवा सुक्या मासळीचा तुकडा. तांदूळ उकडा असला तर त्यात जीवनसत्त्वही टिकून असतं. लुगाव पांढऱ्या, पॉलिश केलेल्या तांदळाचा. शेवटच्या महिन्यांत त्यात तांदूळ कमी आणि पाणीच जास्त. जानेवारी १९४५मध्ये माणशी दिवसाला जेमतेम ७०० कॅलरी पोटात जात होत्या. म्हणून नुसतं ‘पेज’ न लिहिता ‘पाणचट पेज’ लिहावं, आणि पहिल्यांदा एक वाक्य खर्च करून ती कशी होती ते सांगावं.

दुसरी गफलत : कोंडा, तूस आणि भुसा. भाताच्या दाण्यावरचं वरचं कडक टरफल म्हणजे तूस, ते माणसाला पचत नाही. त्याच्या आत, तांदळाला चिकटलेला तांबूस थर सडताना, म्हणजे कांडताना, निघतो तो कोंडा. बेरीबेरी ज्याच्या अभावाने होते ते थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, या कोंड्यात असतं. छावण्यांतले डॉक्टर धडपडून मिळवत ते कोंडा आणि यीस्ट. ‘बंदिवानांना भुसा खायला दिला’ असं मराठीत लिहिलं की औषधाचा छळ होऊन बसतो.

थायमिन पाण्यात विरघळतं. तांदूळ चारदा धुतला किंवा वरचं पाणी ओतून दिलं की उरलंसुरलंही जातं. पण तांदळात खडे, अळ्या आणि सोंडकिडे इतके असत की न धुता, न निवडता शिजवणं कठीण. तांदूळ निवडायला बायकांच्या पाळ्या लावलेल्या असत. या कामाला ‘साफसफाई’ लिहिलेलं पाहिलं आहे. आपल्याकडे ‘निवडणं’ हा नेमका शब्द असताना हे कशाला?

ओल्या बेरीबेरीत पायांवर सूज येते. नडगीवर अंगठा दाबून काढला की खड्डा तसाच राहतो, हळूहळू भरतो. सुकीत तळपाय जळतात, पावलं लुळी पडतात. ‘पाय सुजले’ एवढ्यावर वाक्य संपवू नये. तो खड्डा लिहावा, वाचकाला आजार कळतो.

तळटीप :
याच धाग्यातला सगळ्यात अवघड प्रश्न. सान्तो तोमास छावणीतले डॉक्टर थिओडोर स्टीव्हन्सन यांनी मृत्यूच्या दाखल्यांवर कारण म्हणून ‘मालन्यूट्रिशन’ आणि ‘स्टार्व्हेशन’ लिहिलं. जपान्यांनी ते शब्द काढायला सांगितले, त्यांनी नकार दिला, आणि त्यासाठी त्यांना कोठडीत टाकलं. मराठीत दोन्हींना ‘कुपोषण’ लिहिलेलं सापडतं.

शब्दवेल्हाळ :
ज्या शब्दांसाठी माणूस कोठडीत गेला ते सपाट करून चालणार नाही. पहिला ‘कुपोषण’, ठीक. त्यात खाणं मिळतं, पण पुरेसं किंवा योग्य मिळत नाही. दुसरा ‘उपासमार’. त्यातल्या ‘मार’मुळेच तो ‘उपास’पासून वेगळा होतो. उपास आपण धरतो, उपासमार दुसरा कोणीतरी करतो किंवा परिस्थिती करते. दाखल्यावरच्या त्या शब्दात करणारा कोण हे न बोलता दिसत होतं, म्हणून तो खुपला. ‘भूकबळी’ जोरदार आहे, पण तो वर्तमानपत्राचा शब्द, डॉक्टरच्या हातचा नाही. दाखल्यात ‘उपासमारीमुळे मृत्यू’ हेच शोभेल.

कोकणकडा :
कुंपणाचं राहिलं. सान्तो तोमासच्या पुढच्या बाजूला लोखंडी गजांचं कुंपण होतं, त्यातून बाहेरचे फिलिपिनो ओळखीचे लोक बंदिवानांना पाहू शकत, खाणंपिणं आणून देत. मग त्यावर ‘सवाली’ चढवून ते झाकलं. सवाली म्हणजे बांबूच्या चिरलेल्या पट्ट्यांची विणलेली चटई. जावातल्या छावण्यांत तशाच विणकामाला ‘गेडेक’ म्हणत. आपल्याकडे बुरूड विणतात ती ‘तट्टी’. ‘बांबूची भिंत’ नको, ‘गजांवर तट्ट्या ठोकल्या’ लिहा. बंदिवानांनी आवारात उभारलेल्या झोपड्यांना ‘खोपटं’ म्हणा. बांबू आणि निपा या ताडासारख्या झाडाची पानं, आणि पहाऱ्याला आत दिसावं म्हणून बाजू उघड्या ठेवण्याची सक्ती. ‘झोपडपट्टी’ने भलतंच चित्र उभं राहतं.

पानगळ :
दोन शब्द शेवटी. ‘ओलीस’ हा सरसकट सगळ्या बंदिवानांना लावू नये. तो नेमका लागू होतो ३ फेब्रुवारी १९४५च्या रात्री : अमेरिकी रणगाडे फाटक तोडून आत आले तेव्हा जपानी तुकडीने एज्युकेशन इमारतीत दोनशेहून जास्त बंदिवान अडकवून वाटाघाटी केल्या, आणि ५ तारखेला स्वतःला वाट मिळाल्यावर सोडले. ते ओलीस.

आणि अंदमानाबद्दल लिहिताना ‘छावणी’ शब्द लावू नका. २३ मार्च १९४२ला जपान्यांनी ती बेटं घेतली, तेव्हापासून तिथली स्थानिक माणसं आपापल्या घरात राहूनही ताब्यात होती. त्यांना ‘हेर’ ठरवून सेल्युलर जेलमध्ये नेत. तिथले डॉक्टर आणि पंजाबी कवी दिवाणसिंग तिथेच जानेवारी १९४४मध्ये छळाने गेले, आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला होम्फ्रेगंजला ४४ जणांना गोळ्या घातल्या. त्यांच्यासाठी ‘ताब्यातले बेटवासी’ म्हणावं. ‘काळं पाणी’ इथे अलंकार म्हणून वापरू नये. त्या बेटावर तो शब्द आधीच दुसऱ्या कैद्यांचा आहे.

तळटीप :
घेतले : नागरी बंदिवान, गिनती, पाणचट पेज, कोंडा, तट्टी, उपासमार. ७ फेब्रुवारीला जपानी तोफांचे गोळे आवारात पडून सुटलेल्यांपैकी काही जण मेले, त्यामुळे ३ तारखेच्या प्रकरणाला ‘मुक्ती’ऐवजी ‘फाटक उघडलं’ असं शीर्षक देतो.