मदत हवी आहे: कुतच्या वेढ्यातील मराठा शिपायाची मृत्यूची तारीख कशी शोधावी?

माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात ११० व्या मराठा पलटणीत शिपाई होते. सातारा जिल्हा, जावळी भाग. घरी पिढ्यान्‌पिढ्या एवढंच सांगतात की ते 'बसऱ्याला' गेले, कुतच्या (इराकमधलं गाव, तिथे तुर्कांनी ब्रिटिशांच्या हिंदी फौजेला कोंडलं होतं) वेढ्यात सापडले आणि परतले नाहीत. २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीआधी गेले की नंतर तुर्कांच्या कैदेत, हे कुणालाच ठाऊक नाही. पणजीनं म्हणे शेवटपर्यंत कुंकू पुसलं नाही. तिथी माहीत नसल्यानं श्राद्ध आजही सर्वपित्रीला होतं.

हातात फक्त ब्राँझचं स्मृतिपदक आहे, युद्धात गेलेल्यांच्या घरी पाठवायचे ते. त्यावर नुसतं नाव असतं, हुद्दा किंवा पलटणीतला नंबर नसतो. पेन्शनचे कागद नाहीत.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (युद्धात मेलेल्या सैनिकांची नोंद ठेवणारी संस्था) साइटवर नावाची इंग्रजी स्पेलिंगं बदलून बदलून शोधलं. बसरा स्मारकाच्या यादीत त्याच नावाचे तिघं सापडले. एकापुढेही वडिलांचं नाव वा गाव नाही. (आपल्याकडे गावात निम्मे लोक एकाच आडनावाचे, तिथे इलाज काय!) रेड क्रॉसच्या जिनिव्हाच्या युद्धकैदी नोंदीही चाळल्या, पण तिथे पलटणीनुसार शोधता येत नाही.

वडील ब्याऐंशी वर्षांचे आहेत, त्यामुळे जुने ब्रिटिश कागद पाहायला लंडनला जाणं शक्य नाही. पैसे देऊन तिथून नकला मागवायची तयारी आहे.

नंबर माहीत नसताना साध्या शिपायाची नोंद गावावरून शोधता येते का? बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरमध्ये १९१६ चे कागद पाहायला मिळतात का, आणि अर्ज कुणाच्या नावे करायचा?